आमच्या घरची बारगीर

क्लबात नाव घातल्यानंतरचे पहिले सहा रविवार माझी लेक घोड्यावर बसली नाही. जानेवारीतल्या त्या पहाटे आम्ही दादरहून विरारकडे जाणारी अगदी सुरुवातीची लोकल धरत असू, बोरिवलीला उतरून रिक्षाने खाडीच्या अंगाला असलेल्या त्या मोकळ्या जागेपर्यंत जात असू, आणि मग साडेसहापासून साडेनऊपर्यंत ती लीद उचलत असे, पाण्याच्या बादल्या भरत असे, घोड्याच्या अंगावरून ब्रश फिरवत असे आणि वाकून त्याच्या खुरात बसलेली माती लोखंडी आकड्याने काढत असे. प्रवेश-अर्जाच्या दुसऱ्या पानावर तशी अटच होती. घोड्याला ठाणावरून बाहेर आणणे, स्वच्छ करणे, खोगीर चढवणे आणि उतरवणे ही कामे मूल नीट करू शकते हे प्रशिक्षिकेला दिसल्याशिवाय स्वारी मिळणार नव्हती. तेरा वर्षांच्या मुलीने ही अट माझ्याआधी वाचली होती आणि तिला तीत काहीच वावगे वाटले नव्हते. वावगे वाटले ते मला. पैसे भरून मुलीला लीद उचलायला पाठवते आहे, हे घरी कसे सांगावे या विचारात मी पहिले दोन रविवार गप्पच होते.

प्रत्येक मुलाला क्लबाने एक वही दिली होती. तीत तारीख, घोड्याचे नाव, केलेले काम आणि घोड्यावर बसल्याची मिनिटे असे चार रकाने होते. पहिल्या सहा रविवारी चौथ्या रकान्यात तिने सरळ रेघ मारून ठेवलेली आहे.

घोड्याचे वेड तिला माथेरानला लागले. दस्तुरी नाक्यापुढे मोटारी जात नाहीत, त्यामुळे तिथे घोडा हा प्रवासाचाच भाग असतो. सहा वर्षांची असताना तिला एका तट्टावर बसवून आम्ही बाजारापर्यंत नेले, आणि उतरल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की हा आता जेवायला कुठे जाईल. पुढे जुहूला गेलो की ती वाळूवरच्या घोड्यांवर बसायचा हट्ट धरत नसे; त्यांचे पाय पाहत उभी राहत असे. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चमूने ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणाने करवून घेण्याच्या प्रकाराचे, सांघिक सुवर्णपदक जिंकले, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. घोडेस्वारीतले सुवर्ण आपल्याला १९८२ च्या दिल्लीनंतर तब्बल ४१ वर्षांनी मिळत होते. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता, अनुष अगरवाला होता, आणि सुदीप्ती हाजेला व दिव्यकृती सिंह या दोन मुली होत्या. मला स्वारांची नावे लक्षात ठेवायला वेळ लागला; हिला दोन घोड्यांची नावे आधी पाठ झाली, एट्रो आणि चिन्स्की. या खेळात मुली आणि मुलगे एकाच यादीत, एकाच रिंगणात उतरतात, वेगळा महिला गट नसतो, हे कळले त्या दिवशी तिने ते घरात प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितले.

सासूबाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘छान आहे गं, पण हे आपल्यातलं नाही.’’ त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. चाळीत वाढलेल्या आणि आयुष्यभर काटकसरीने संसार केलेल्या बाईने रेसकोर्स बाहेरूनच पाहिलेले असते. महालक्ष्मीचे ते मैदान १८८३ पासून तिथे आहे, आणि हौशी स्वारांचा क्लबही तिथे १९४२ पासून आहे. पण आमच्या घरातल्या चार पिढ्यांनी ते सारे लोकलच्या खिडकीतून पाहिले. तरीही त्यांचे ते वाक्य माझ्या मनातून जाईना. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर शिवाजी पार्कचा अश्वारूढ पुतळा आहे. गेटवेसमोर २६ जानेवारी १९६१ रोजी महाराजांचा पुतळा बसला, तोही अश्वारूढच. ज्याचा अभिमान बाळगत आपण वाढलो तो सगळा इतिहास घोड्याच्या पाठीवर घडला, रोजच्या बोलण्यात आपण घोडे दामटतो, कामाला लगाम घालतो, आणि काम अडले की घोडे कुठे पेंड खाते आहे ते शोधतो. मग प्रत्यक्ष घोडा तेवढा आपल्यातला कधीपासून राहिला नाही?

आधी एक चूक झाली, ती सांगायला हवी. या क्लबाच्या आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. तिथे कागदपत्रांची काही अडचण नव्हती. पैसे भरले आणि दहाव्या मिनिटाला मुलगी घोड्यावर होती. डोक्यावर दिलेले हेल्मेट तिच्या कपाळावरून मागे सरकत होते, पट्टा हनुवटीखाली लोंबत होता, आणि एक मुलगा घोड्याला तोंडाशी धरून गोल फिरवत होता. मी कठड्याशी उभी राहून फोटो काढत होते. फेरी संपल्यावर ती उतरली, घोड्याच्या पोटाखाली वाकून पाहिले आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, ‘‘आई, पट्टा बांधतात तिथे त्याला जखम आहे. त्यावरच बांधलाय.’’ मी जाऊन पाहिले. रुपयाएवढी ओली जखम होती आणि कडेने केस झडलेले होते. आम्ही पुन्हा तिथे गेलो नाही. ते फोटो मी फोनमधून काढून टाकले, पण जे पाहायला हवे होते ते मुलीने पाहिले आणि मी पाहिले नाही, ही बोचणी काही काढून टाकता आलेली नाही. तेव्हापासून कोणी मुलांसाठी क्लब विचारला, तर शुल्क आणि सोयींच्या आधी मी एवढेच सांगते, की न कळवता जा, घोड्यांसमोरचे पाणी स्वच्छ आहे का पाहा, खोगिराखालची पाठ आणि पोटपट्ट्याखालची कातडी पाहा, आणि मुलांना पहिल्याच दिवशी वर चढवत असतील तर परत या.

या दुसऱ्या क्लबात शिकवणे इंग्रजी-हिंदीत चाले. प्रशिक्षिका मूळच्या मुंबईबाहेरच्या. मुलीला नेमून दिलेल्या घोड्याचे नाव चंदन. तो उमेदीच्या वर्षांत शर्यतीत धावलेला, आता सतरा वर्षांचा, खांद्यापाशी पाच फूट तीन इंच उंच. पहिल्या रविवारी घरी आल्यावर तिने माझ्या वडिलांना फोन लावला. आप्पा पुण्याला माझ्या भावाकडे असतात, वय शहात्तर. त्यांचे बालपण इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठच्या एका गावात गेले, आणि त्यांच्या आजोबांकडे एक तट्टू होते एवढे मला ऐकून ठाऊक होते. त्यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितले नव्हते, कारण आम्ही कधी विचारले नव्हते.

‘‘रंग कसा आहे?’’ त्यांनी विचारले.

‘‘तपकिरी. लालसर तपकिरी. आणि पाय पांढरे आहेत खालून.’’

‘‘चारही?’’

‘‘चारही.’’

‘‘आणि कपाळावर पांढरं?’’

‘‘कपाळापासून नाकापर्यंत पट्टा आहे.’’

पलीकडे क्षणभर शांतता झाली आणि मग आप्पा म्हणाले, ‘‘मग तो पंचकल्याणी आहे. तुझ्या बाईंना सांग, आमच्या आजोबांनी अशा घोड्याला नमस्कार केल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नसतं.’’

त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी फोन ठरून गेला. ती क्लबातला शब्द सांगे आणि आप्पा त्याचा मराठी जोडीदार शोधून देत. पोटाखालचा पट्टा म्हणजे तंग. पाय अडकवायची कडी म्हणजे रिकीब. तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी म्हणजे तोबरा, आणि त्यातला दाणा म्हणजे चंदी. घोड्याची राखण करणारा तो मोतद्दार, ज्याला मुंबईत सईस म्हणतात. ब्रशाने अंग घासणे म्हणजे खरारा. हे शब्द मी वाचलेले होते, बखरींच्या उताऱ्यांत आणि शाळेच्या पुस्तकांत. खोगीरभरती हा शब्द तर मी कचेरीत आठवड्यातून दोनदा वापरते. पण खोगिरात खरोखर काहीतरी भरलेले असते, ते एका जागी गोळा झाले की घोड्याच्या पाठीला रुतते, म्हणून हाताने चाचपून पाहायचे असते, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी माझ्या मुलीने सांगितले.

क्लबातला पहिला नियम होता घोड्याच्या मागून न जाण्याचा. आमच्याकडे म्हण आहेच, हाकिमाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये. ती मी हाकिमासाठी ऐकलेली होती. प्रशिक्षिकेने मुलांना चंदनभोवती लांबून एक फेरी मारायला लावली आणि त्याचा कान कुठे वळतो ते पाहायला सांगितले. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. दिसत नाही ते नेमके शेपटीमागचे आणि कपाळापुढचे अगदी जवळचे. शिकार होणाऱ्या प्राण्याला मागून आलेली प्रत्येक अनोळखी हालचाल वाघच वाटायची असते. म्हणून खांद्याच्या बाजूने यायचे, बोलत यायचे, आणि मागे जायचेच झाले तर हात त्याच्या अंगावरून न उचलता, अगदी खेटून जायचे, म्हणजे आपण कुठे आहोत हे त्याला कळत राहते. हे सारे तिने इतक्या गांभीर्याने अंगवळणी पाडले, की स्वयंपाकघरात मी पाठमोरी असले तर हल्ली ती माझ्या मागे येतानाही बोलत येते.

चौथ्या रविवारी नालबंद आला. त्याचे काम मी पहिल्यांदाच जवळून पाहिले. त्याने चंदनचा पुढचा पाय उचलून आपल्या दोन गुडघ्यांमध्ये धरला, जुन्या नालेचे खिळे एकेक करून सोडवले, वाढलेली कड पक्कडीने कापली आणि कानसीने घासून तळ सपाट केला. कापलेले तुकडे जमिनीवर पडले ते आपल्या नखासारखेच होते, फक्त बोटभर जाड आणि किंचित पिवळट. खिळा नेमका त्या निर्जीव बाहेरच्या भिंतीतून जायला हवा. किंचित आत गेला तर घोडा लंगडतो. दर सहा आठवड्यांच्या आसपास हे करावे लागते. लेक दोरी धरून तोंडाशी उभी होती आणि चंदन तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून डोळे अर्धे मिटून होता. प्रत्येक ठोक्याला त्याच्या नाकपुडीवरची कातडी थरथरे आणि पुन्हा स्थिर होई. जुनी नाल नालबंदाने तिच्या हातात दिली. मुंबईत कितीतरी दारांवर नाल ठोकलेली असते, ती घोड्याच्या कुठल्या पायाची आणि किती झिजलेली, हे पाहायला आपण कधी थांबलेलो नसतो. या नालेचा पुढचा भाग एका बाजूने पातळ झालेला होता, कारण चंदन त्या पायावर थोडा जास्त भार टाकतो.

त्या दुपारी आप्पांनी विचारले, घोडा कोणाचा? क्लबाचा, ती म्हणाली. खोगीर? तेही क्लबाचे. मग आप्पा म्हणाले, ‘‘म्हणजे तू बारगीर. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येतो तो शिलेदार. सरकारी पागेतला घोडा मिळतो तो बारगीर.’’ तिला वाटले, बारगीर म्हणजे कमी प्रतीचा. आप्पांनी तिची समजूत घातली, की महाराजांचा भर पागेवरच होता. पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार असे, आणि त्या पंचवीस घोड्यांसाठी एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. स्वार किती हे मोजायच्या आधी त्यांना पाणी कोण देणार आणि नाल कोण ठोकणार, हे ठरलेले होते. मी कानाला फोन लावलेल्या मुलीकडे पाहत होते. त्या सकाळी तिने आठ बादल्या पाणी ओढले होते आणि तिचे तळवे लाल झाले होते. त्यानंतर लीद उचलण्याविषयी घरी काय सांगावे, हा प्रश्न मला पुन्हा पडला नाही.

मुंबईचे पोटही कधीकाळी घोड्यांवरच चालत होते, हे आता सांगूनही खरे वाटत नाही. १८७४ मध्ये इथली ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. विजेची ट्राम यायला १९०७ उजाडले. व्हिक्टोरिया तर माझ्या आठवणीतल्या. मरीन ड्राइव्हवर रात्री चांदीसारख्या चकचकीत पत्र्याने मढवलेल्या त्या गाड्या आणि डांबरावर सटकणारी दमलेली जनावरे मी पाहिली आहेत, आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या तेव्हा मला बरे वाटले होते, आजही वाटते. त्या व्यवसायावर पोट असलेल्यांची काळजी वाटूनही बरे वाटले होते. फोर्टातला काळा घोडा, म्हणजे इंग्रज राजपुत्राचा तो अश्वारूढ पुतळा, १९६५ मध्ये आपल्या जागेवरून हलला आणि राणीच्या बागेत गेला. त्या चौकात २०१७ मध्ये नवा पुतळा बसला तो स्वाराविना. शहरातून घोडे जायला हवे होते तिथून ते गेले. पण सोबत घोड्याला ओळखणारी माणसेही गेली. क्लबातले सईसकाका म्हसवडकडचे आहेत, आणि ते मला म्हणाले, की त्यांच्या हाताखाली शिकायला कोणी येत नाही. येतात ती ही शाळेतली पोरे, रविवारची.

सातव्या रविवारी ती चढली. डाव्या बाजूने, डावा पाय रिकिबीत घालून. डावीकडूनच का, तर कमरेला डाव्या बाजूला तलवार असे त्या काळापासून चालत आलेली ही रीत आहे, असे प्रशिक्षिकेने सांगितले. मात्र चढल्यावर तिच्या पायातून रिकिबी काढून घेतल्या आणि हातात लगामही दिला नाही. प्रशिक्षिका मध्यभागी लांब दोरी धरून उभ्या, चंदन त्यांच्याभोवती गोल चालतो आहे, आणि वर माझी मुलगी दोन्ही हात पसरून बसली आहे. तीन आठवडे असेच. लगाम इतक्या लवकर का द्यायचा नाही, याचे कारण घोड्याच्या तोंडात आहे. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये त्याच्या हिरडीवर एक मोकळी जागा असते आणि लगामाची कडी नेमकी तिथे टेकते. तोल गेला की नवशिका माणूस हातातले जे असेल ते ओढतो, आणि ते ओढणे सगळे त्या उघड्या हिरडीवर जाते. म्हणून आधी तोल शरीराने सांभाळायला शिकायचे आणि हात मोकळे करायचे. आपल्याकडे याला एकच शब्द आहे, मांड. पक्की मांड, मांड ठोकणे, मांड ढिली होणे. मी तो आजवर माणसांच्या जिद्दीविषयी वापरत आले. आता तो मला कंबर, मांड्या आणि टाचा यांत दिसू लागला. चंदन दुडक्या चालीला लागला की त्याचे समोरासमोरचे तिरपे पाय जोडीने पडतात, एक-दोन, एक-दोन, आणि त्या तालावर स्वाराने उठायचे आणि बसायचे असते. पहिल्या दिवशी तिला तो ताल सापडेना आणि ती गोणीसारखी आपटत राहिली. मग काहीतरी जुळले. चारच पावले असतील, पण त्या चार पावलांत तिची पाठ सैल झाली, आणि चंदनचा एक कान मागे, तिच्याकडे वळला.

मेच्या अखेरीस ती पडली. पावसाळ्यापूर्वी मुंबईभर निळ्या ताडपत्र्या चढतात, तशा क्लबाच्या गवताच्या कोठारावरही त्या दिवशी चढत होत्या. वाऱ्याने एक ताडपत्री अचानक फुगली, फडाड आवाज झाला, चंदन जागच्या जागी बाजूला उडाला आणि मुलगी जिथे होती तिथेच हवेत राहिली. पडताना तिचा पाय रिकिबीतून सुटला, कारण टाच असलेले बूट होते आणि तो टोकापुरताच आत होता. एक पाय रिकिबीत, असे आपण घाईत असलेल्या माणसाला म्हणतो. तो पाय तिथे अडकून राहिला तर काय होते, हे त्या अर्ध्या क्षणात माझ्या डोळ्यांसमोरून गेले. मी कठडा ओलांडायला निघाले तेव्हा सईसकाकांनी मला हाताने थांबवले. ‘‘ताई, पळू नका. घोडं अजून घाबरंल.’’ प्रशिक्षिका चालत गेल्या, तिला हलू न देता मान, हात, पाय विचारले, बोटे मोजायला लावली. खांदा खरचटला होता, एवढेच. ती उठून बसली आणि तिचे पहिले वाक्य होते, ‘‘त्याला लागलं का?’’ चंदन दहा फुटांवर उभा होता, लगाम लोंबत होता, नाकपुड्या फुललेल्या. त्या दिवशी ती पुन्हा चढली, पण केवळ दोन फेऱ्यांसाठी आणि केवळ चालीवर. तिचे हेल्मेट प्रशिक्षिकेने तिथेच बाजूला काढले. वरून ते धडधाकट दिसत होते, पण आतला फोम एकदा दबला की दुसऱ्या वेळी वाचवत नाही. नवे घ्यावे लागले. आमच्या महिन्याच्या खर्चात ते जड गेले, तरी त्याविषयी घरात कोणी शब्द काढला नाही.

खर्च हा या साऱ्यातला खरा अडसर आहे, आणि तो मी लपवणार नाही. आम्ही दोघे नोकरी करतो म्हणून महिन्यातले चार रविवार परवडतात. सुमारे साडेचारशे किलोच्या जनावराचे खाणे, नालबंद, औषधपाणी आणि माणसांचे पगार यांचा हिशेब मला प्रशिक्षिकेने एकदा समजावून सांगितला, तेव्हा शुल्क अवाजवी वाटेनासे झाले. पण म्हणून ते कमी होत नाही. वस्तीतल्या शाळेतली चार मुले तिथे शुल्काविना येतात, कामाच्या बदल्यात. माझ्या मते ही चार चाळीस व्हायला हवीत, आणि ते एकट्या क्लबाच्या आवाक्यातले नाही. ज्या राज्यात प्रत्येक गावाच्या चौकात अश्वारूढ पुतळा उभा राहतो, त्या राज्यात एका पुतळ्याच्या खर्चात किती मुलांना जिवंत घोड्याला खरारा करता येईल, याचा विचार कोणीतरी करावा, असे मला मनापासून वाटते.

पावसाळ्यात स्वारी बंदच झाली. रिंगणात घोटाभर पाणी आणि चिखल. मला वाटले, आता सप्टेंबरपर्यंत रविवारची झोप मिळेल. पण प्रशिक्षिकेने कळवले, की मुलांनी यायचे आहे. लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेले कोडे आहे, भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले, आणि तिन्हींचे उत्तर एकच, न फिरवल्याने. ठाणावर बांधून ठेवलेल्या घोड्याचे पाय सुजतात, पोट बिघडते, आणि पोट बिघडणे हे घोड्याच्या जिवावर बेतते, कारण त्याला उलटी करता येत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर ती मुले पत्र्याखालच्या लांबट पडवीत एकेक घोडा दोरीने धरून फिरवत राहिली, इकडून तिकडे, तिकडून इकडे, वर पत्र्यावर कोसळणारा पाऊस आणि खाली ओल्या फरशीवर सावकाश पडणाऱ्या टापा. कोठारातले गवत वाळलेले राहावे म्हणून दर आठवड्याला पेंढ्या उलटून ठेवायच्या. कोठाराच्या दारावर विडी-सिगारेटला सक्त मनाई. ते वाचून मला शाळेत शिकलेले महाराजांचे पत्र आठवले, चिपळूणजवळ छावणीत असलेल्या आपल्या घोडदळाला लिहिलेले. दाणा-वैरण आत्ताच मनास येईल तशी उधळाल तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही आणि घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल. आणि रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील. एवढे राज्य सांभाळणाऱ्या माणसाने उंदराने पळवलेल्या वातीचा विचार करून ठेवला होता. शाळेत आम्ही ते पत्र प्रजेच्या काळजीचे म्हणून शिकलो, आणि ते तसे आहेच. पण ते घोड्याचे पोट माहीत असलेल्या माणसाचेही पत्र आहे, हे मला त्या पडवीत उभे राहून कळले.

दसऱ्याला आप्पा मुंबईत आले. क्लबात त्या दिवशी घोड्यांची पूजा असते. मुलांनी पहाटे येऊन सगळ्यांना आंघोळ घातली होती, कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूच्या माळा, आणि शेजारच्या ठाणावरचा घोडा आपली माळ केव्हाच खाऊन मोकळा झाला होता. आप्पा फाटकातून आत आले आणि थांबले. मला वाटले, दम लागला. पण ते नुसता श्वास घेत होते. गवत, लीद, घाम आणि चामड्याचे तेल यांचा तो मिसळलेला वास मला आता ओळखीचा झाला आहे. त्यांना तो किती वर्षांनी येत होता हे मी विचारले. आजोबांनी तट्टू विकले तेव्हा ते आठ वर्षांचे होते. ‘‘मला बसू द्यायचे नाहीत,’’ ते म्हणाले, ‘‘लहान आहेस म्हणायचे. खरारा तेवढा करू द्यायचे. मोठा झालास की बसशील. मग विकलंच.’’

ते चंदनकडे निघाले तेव्हा लेक पटकन पुढे झाली. ‘‘आप्पा, मागून जाऊ नका.’’ ‘‘नाही जात गं,’’ ते म्हणाले, आणि खांद्याच्या बाजूने, तोंडाने काहीतरी पुटपुटत, हात आधी मानेवर ठेवून जवळ गेले. तिने त्यांच्या हातात रबरी खरारा दिला. सुरुवातीला त्यांचा हात अडखळला. मग मानेपासून खांद्याकडे, गोल गोल, दाब देऊन, जिथे हाड लागते तिथे सैल सोडून, तो आपोआप चालू लागला. चंदनचा खालचा ओठ हळूहळू ढिला पडला आणि लोंबू लागला, मान खाली आली. सईसकाका हातातली बादली ठेवून बघत राहिले. ‘‘हात बसल्याला हाय,’’ ते मला म्हणाले. प्रशिक्षिकेने विचारले, याला मराठीत काय म्हणतात, आणि लेकीने तो शब्द त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतला, रा वर नीट जोर देऊन. आप्पांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस केसांचा थर बसला होता.

निघायच्या आधी तिने वही काढली आणि पायरीवर बसून त्या दिवसाची ओळ लिहिली. घोडा, चंदन. काम, खरारा, आप्पा आणि मी, चाळीस मिनिटे. चौथ्या रकान्यात तिने पुन्हा सरळ रेघ मारली.